जमेच्या बाजूला काय लिहायचं?

(कॉलेजात शिकणाऱ्या मुलींसाठी मिरजेत घेतलेल्या शिबिरातल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

शिबिराच्या पत्रकावर माझा विषय असा छापलाय : ‘कॉलेजातल्या मुलींनी पैशाचं आणि ताणाचं नियोजन कसं करावं?’ वाचून मला थोडं हसू आलं. नियोजन करायला आधी पैसा हातात असावा लागतो. इथे बसलेल्यांपैकी कितीजणींच्या हातात तो असतो? हात वर करा बघू. ... बघा, मोजायला एक हातसुद्धा जास्त होतोय.

मी वाणिज्य शाखेत शिकवते. जमा-नावे शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. कीर्दीच्या पानावर डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे, हे पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते. काही वर्षांपूर्वी वाटलं, की पुस्तकातल्या कुठल्यातरी काल्पनिक दुकानाचा हिशेब मुलींकडून करून घेण्यापेक्षा त्यांना स्वतःचा करायला लावावा. म्हणून सांगितलं, एक महिना रोज रात्री आपापला जमाखर्च लिहा आणि महिन्यानं वही घेऊन या.

त्यातलं एक पान मी आज तुमच्यासमोर ठेवणार आहे. मुलीचं नाव सांगणार नाही, गावही नाही. मिरज तालुक्याच्या पूर्व भागातली, दुसऱ्या वर्षाला शिकणारी मुलगी. एवढं पुरे.

जमा : बाबांनी दिले १,२०० रुपये. दादानं दिले २००. मामानं दिले १००. एकूण १,५००.

नावे : एसटीचा पास ६४०. मोबाइलचं रिचार्ज २९९. झेरॉक्स आणि प्रॅक्टिकलची वही १८५. शेअर रिक्षा १६०. चहा-वडापाव ११०. पॅड ६६. मैत्रिणीला उसने ४०. एकूण १,५००.

हिशेब जुळला. रुपयाचाही फरक नाही. परीक्षेत असता तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते. पण मी त्या पानावर अडकले, ते चहा-वडापावच्या आकड्यावर. सगळ्या महिन्याचे मिळून ११० रुपये. तिला विचारलं, “डबा आणतेस ना?” ती म्हणाली, “नाही मॅडम. सकाळी बाबांचा आणि दादाचा डबा करते. माझा भरेपर्यंत गाडी येते.” म्हणजे ही मुलगी सकाळी सहाला घर सोडते आणि दुपारी तीनला परत जेवते. मधे बहुतेक दिवस नुसतं पाणी. चौथ्या तासाला तिचं डोकं दुखतं, फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही. मग आपण म्हणतो, हिचं अभ्यासात लक्ष नाही. तीही स्वतःला तेच म्हणते.

मग मी सगळ्यांना दुसरं पान लिहायला सांगितलं. या पानावर पैसे लिहायचे नाहीत, कामं लिहायची. उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता ते वेळेसकट लिहा. वर्गात हसाहशी झाली. एक म्हणाली, “मॅडम, ते काम कसं म्हणायचं? ते तर घरचंच.” म्हटलं, घरचंच लिहा.

त्या मुलीच्या दुसऱ्या पानावर होतं : साडेचारला उठणं, पाणी भरणं, भाकरी, दोन डबे, शेणघाण. संध्याकाळी परत स्वयंपाक, भांडी. आणि रविवारी द्राक्षबागेत विरळणीला. मी विचारलं, “रविवारची मजुरी किती?” “तीनशे.” “कुणाच्या हातात मिळते?” “बाबांच्याकडे देतात.” चार रविवारचे तीनशेप्रमाणे बाराशे होतात. तिची तिनंच बोटांवर बेरीज केली आणि गप्प झाली. पहिल्या पानावर ‘बाबांनी दिले १,२००’ असं लिहिलं होतं ना? ते तिचेच बाराशे होते. तिच्या हातून गेले आणि उपकार होऊन परत आले.

मैत्रिणींनो, मला आज जे सांगायचं आहे ते सगळं या दोन पानांत आहे.

मुलीच्या ताणाबद्दल बोलताना आपण अभ्यास, परीक्षा, मार्क, मोबाइल यांची नावं घेतो. ती कारणं खोटी नाहीत. पण मुलीच्या ताणाची एक वेगळी जात आहे. मुलाला पैसे कमी पडले तर तो कमी पडले म्हणून सांगतो. मुलगी सांगायला घाबरते. कारण तिचं शिक्षण घरात मंजूर झालेलं नसतं, ते चालवून घेतलेलं असतं. परीक्षेचा फॉर्म, पुस्तक, सहल, यातलं काहीही मागायला गेलं की उत्तर पैशाचं येत नाही, लग्नाचं येतं. “अजून किती शिकायचंय?” मग ती मागायचंच सोडते. उपाशी राहते, चालत जाते, पुस्तकाशिवाय परीक्षा देते, आणि वर हसत म्हणते, “मला काही कमी नाही.” हा जो सतत उपकाराखाली वाकून राहण्याचा ताण आहे, तो प्राणायामानं जात नाही. प्राणायाम जरूर करा, पण त्याची मुळं कुठे आहेत तेही बघा.

हे मी तुमच्याकडे बघून सांगते आहे, तसं स्वतःकडे बघूनही. मी बी. कॉम.ला असताना परीक्षेच्या फॉर्मची मुदत चुकली. दंडासकट भरायची रक्कम घरी सांगायची छाती झाली नाही, कारण लगेच शिक्षण बंद झालं असतं. चार रात्री झोप नाही. शेवटी आईनं विचारलं, आणि डाळीच्या डब्यातून दुधाचे साठवलेले पैसे काढून दिले. मी पास झाले, नोकरीला लागले, जमाखर्च शिकवायला लागले. पण आईचे ते पैसे माझ्या कुठल्याही वहीत जमेला लिहिलेले नाहीत. हे माझ्या लक्षात यायला ती जावी लागली.

आपल्या भागाला शिक्षणाचा मोठा वारसा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची गरीब मुलं एका पंक्तीत जेवली, हातानं काम करून शिकली. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. त्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडायला दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. आपण हा प्रसंग भाषणात सांगतो, डोळे पुसतो आणि पुढे जातो. मी हिशेबाची बाई, म्हणून मला प्रश्न पडतो. संस्थेच्या इतिहासात लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र ‘त्याग’ या सदराखाली येतं. ते भांडवल म्हणून जमेला का येत नाही? त्यांनी मुलांना रांधून घातलं, आजारपणं काढली, तो शिक्षणाचा खर्च नव्हता का?

आणि दुसरी गोष्ट. मुलगा कमवून शिकतो तेव्हा त्याचं कौतुक होतं. ते व्हायलाच हवं. पण या तालुक्यातल्या मुली कधीपासूनच कमवून शिकताहेत. दिवाळीनंतर विरळणीला, पुढे बेदाणा निवडायला. नेमक्या परीक्षेच्या दिवसांत बेदाण्याच्या शेडवर पाय मोडून बसतात. शिवाय घरचं काम. भारत सरकारनं २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. तेव्हा घरकाम करणाऱ्या बायांची रोजची २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. कमावण्याची आणि शिकण्याची ही मुलींची योजना कुणी जाहीर केली नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, बाई, तुम्ही मुलींना बापाविरुद्ध उठवताय. नाही. त्या मुलीच्या वडिलांची बाग अवकाळी पावसात गेली होती. सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. त्यांनाही रात्री झोप लागत नाही. पण घराचा तोटा वाटून घ्यायची वेळ आली की मुलीच्या वाट्याला शिक्षण सोडणं येतं आणि मुलाच्या वाट्याला कर्ज काढून शिकणं येतं. हे का, एवढंच विचारते आहे. ‘मुलगी म्हणजे खर्च’ ही म्हण बोलण्यापुरती राहत नाही. याच मिरज तालुक्यात, म्हैसाळला, मार्च २०१७ मध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. ज्या हिशेबात मुलीच्या जमेला काहीच नसतं, त्या हिशेबाचं शेवटचं पान ते असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण उद्या सकाळी काय करायचं? तेही सांगते.

पहिलं, लिहा. महिनाभर दोन्ही पानं. वही महाग नको, जुन्या वहीची कोरी पानं चालतील. लिहिल्यानं पैसे वाढत नाहीत, पण धास्ती कमी होते. अंधारात साप वाटतो तो उजेडात दोर निघतो. कधी सापच निघतो, पण मग निदान तो कुठे आहे ते तरी कळतं. खर्च तीन भागांत मांडा : न टळणारा, पुढे-मागे होऊ शकणारा, आणि स्वतःसाठीचा. खाणं आणि पॅड ‘न टळणाऱ्या’त लिहा. आपल्या मुली आधी यांनाच कात्री लावतात.

दुसरं, वर्षाच्या सुरुवातीला तारखांचा तक्ता करा. परीक्षेचा फॉर्म कधी, पास कधी संपतो, खोलीचं भाडं कधी, बागेचं काम कधी. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला मे महिन्यातच सेतूतून काढून ठेवा. जूनमध्ये सगळं जग त्या रांगेत असतं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणं सुरू झालं की लगेच भरा. पण ती रक्कम हातात येईपर्यंत आलीच असं धरून खर्च करू नका. उशीर होतो तो तुमच्या चुकीनं नसतो, पण उधारी मात्र तुमच्या नावावर चढते.

तिसरं, खातं. अठरा पूर्ण झाली की स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं काढा. शून्य शिल्लक चालणारं खातं बँकेत मिळतं. एटीएम कार्ड आणि त्याचा नंबर स्वतःकडे. माझ्या वर्गात अशा मुली भेटल्या, की शिष्यवृत्ती त्यांच्या नावावर जमा झाली आणि काढली भावानं, कारण कार्ड त्याच्या पाकिटात आणि बँकेचा मेसेज त्याच्या मोबाइलवर.

चौथं, हक्काचं काय आहे ते माहीत करून घ्या. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. तेरावीला गेलात की पासाचे पैसे सुरू होतात, पण विद्यार्थी म्हणून भाड्याचा सुमारे तिसरा हिस्साच भरायचा असतो. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, तरी रोज येणाऱ्या मुलीला पासच स्वस्त पडतो. जुलै २०२४ मध्ये शासनानं निर्णय केला, की आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. चांगलंच आहे. पण फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं असं नाही. मिरजेत दवाखान्यांच्या आसपास कॉटवर राहून नर्सिंग, लॅब टेक्निशियनचं शिकणाऱ्या मुलींना विचारा. खोली आणि खाणावळ यांतच सगळं जातं. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार योजना आहे, अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. अटी नीट वाचा, अर्ज करा, पोच घ्या. शिक्षणासाठी बँकेचं कर्जही मिळतं आणि साधारण चार लाखांपर्यंत काही तारण ठेवावं लागत नाही. भावासाठी काढता येतं ते तुमच्यासाठीही काढता येतं.

पाचवं, मोबाइलवरचं झटपट कर्ज. दोन मिनिटांत तीन हजार देतो म्हणणारं कुणी दिसलं की समजा, तिथे काहीतरी काळंबेरं आहे. यातली खोटी ॲप तुमच्या मोबाइलमधले नंबर आणि फोटो उचलतात आणि हप्ता चुकला की फोटोत फेरफार करून नातेवाइकांना पाठवायची धमकी देतात. मुलीच्या अब्रूला इथेही तारण धरलं जातं. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की कर्ज देणाऱ्या ॲपनं मोबाइलमधली नंबरांची यादी, फोटो, फाइली यांना हात लावायचा नाही. कुणी अडकली असेल तर लपवू नका. १९३० या नंबरावर तक्रार करा आणि मोठ्या बाईमाणसाला सोबत घेऊन पोलिसांत जा. लाज धमकी देणाऱ्याला वाटली पाहिजे.

सहावं, भिशी. आपल्या आया भिशी चालवतात, तशी तुम्ही चालवा, थोडी बदलून. दहाजणींनी महिन्याला पन्नास रुपये काढले तर पाचशे होतात. चिठ्ठी टाकायची नाही. जिची नड मोठी तिला आधी. व्याज नाही. हिशेब लिहायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचा. माझ्या काही विद्यार्थिनींनी हे केलं. पाचशे रुपयांनी फार मोठं काही झालं नाही, पण एकीचा परीक्षेचा फॉर्म वेळेत गेला. आणि पैशाहून मोठी गोष्ट झाली ती अशी, की मुली एकमेकींना ‘माझ्याकडे नाहीत’ असं सांगायला शिकल्या. आपली गरिबी ही आपली एकटीची लाज नाही, हे कळलं की अर्धा ताण तिथेच उतरतो.

उरलेल्या अर्ध्याबद्दलही बोलू. २०१५ साली लातूर जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलीनं जीव दिला. दुष्काळ होता आणि एसटीच्या पासाला पैसे नव्हते. माणूस एकाच कारणानं जात नाही, हे मला माहीत आहे. पण अडीचशे-तीनशे रुपयांचा पास तिच्या शेवटच्या दिवसांत डोंगराएवढा झाला, हे आपण विसरू नये. तुमच्यापैकी कुणाला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, पाळी सारखी पुढे-मागे होत असेल, आपण घराला ओझं आहोत असं मनात येत असेल, तर ते मनातच ठेवू नका. मैत्रिणीला सांगा, एखाद्या बाईंना सांगा. ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर आहे. दिवसरात्र चालतो, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि मैत्रीण असं काही बोलली तर ‘वेडी आहेस का’ म्हणू नका. तिच्याजवळ बसा. तिला एकटी सोडू नका.

शेवटचं कार्यकर्त्या बायांसाठी. या वह्या एकेकीच्या घरात राहिल्या तर त्या काटकसरीच्या वह्या होतात. तीस वह्या एका टेबलावर आल्या की त्यांचं निवेदन होतं. आमच्याकडे तसं झालं. वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं, की एकाच रस्त्यावरच्या सगळ्या मुलींचा शेअर रिक्षाचा खर्च सारखा आहे, कारण शेवटचा तास संपतो तेव्हा गाडी निघून गेलेली असते. एकेकीला वाटत होतं, आपण उधळ्या आहोत. मुली वह्या घेऊन डेपोत गेल्या. गाडीची वेळ बदलायला तीन खेपा लागल्या, पण बदलली.

असंच समुपदेशकाचं. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे. आपापल्या कॉलेजात जा आणि विचारा, नेमला का? कधी बसतो? कुठल्या खोलीत? त्या खोलीला दार आहे का? दार नसलेल्या खोलीत मुलगी काय बोलणार?

त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मोठं काही नाही. तिनं पुढच्या महिन्याची वही आणली. जमेच्या बाजूला ‘बाबांनी दिले’ खोडून लिहिलं होतं : ‘माझी मजुरी, चार रविवार, १,२००’. मी विचारलं, “घरी दाखवलंस?” म्हणाली, “आईला दाखवलं. आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर तीन डबे होते.”

तिसरा डबा आईनं भरला होता. म्हणजे काम परत एका बाईच्याच अंगावर पडलं, हे मला दिसतंय. दादानं स्वतःचा डबा भरला असता तर मी जास्त खूश झाले असते. ते पुढच्या पानावर. तोवर आज रात्री घरी गेल्यावर एक कोरं पान घ्या, मधोमध रेघ मारा, आणि डावीकडे पहिल्या ओळीत आपलं स्वतःचं काम लिहा.